डब्यातून आलेला आवाज

नागसेन टायपिस्ट हट्टी आहे, असं सगळी हिवरदरी म्हणायची, आणि त्याची बायको पार्वतीबाई सगळ्यांच्या आधी म्हणायची. नागसेनला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी तसं म्हटलं की त्याची मान जराशी वर व्हायची. तालुक्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून माणसानं उभी हयात टायपिंग केलं होतं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्हीची सर्टिफिकेटं फ्रेम करून भिंतीवर. एखादा वकील घाईत काहीबाही सांगायला लागला, तर हा टाइप करायचा थांबायचा आणि म्हणायचा, "साहेब, वाक्य तुमचं हाय, पण बोटं मपली हायेत. असलं वाक्य मपल्या बोटांतून उतरत न्हाई." आता अशा माणसाला हट्टी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मग काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. नांदेडला दाखवलं, हैदराबादला दाखवलं, व्हायचं ते झालंच. पण नागसेन खचला नाही. टायपिस्ट काही कळांकडं बघून टाइप करत नसतो, कळांकडं बघणारा तो शिकाऊ. "डोळे गेले तर गेले, बोटं हायेत की," असं म्हणून हा पठ्ठ्या पुन्हा लिंबाखाली जाऊन बसला. पार्वतीबाई मजकूर ऐकून घ्यायची, कागद सरळ लावून द्यायची आणि हा टकाटका टाइप करायचा. लोक बघत उभे राहायचे.

आणि एक दिवस घात झाला. कागद लावला, बोटं कळांवर ठेवली, पण ठेवताना हात एका कळेनं बाजूला सरकला. ह्याला कळलंच नाही. एक अख्खं पान, नावापासून सहीपर्यंत, एक कळ सोडून टाइप झालं. पार्वतीबाई नेमकी पाणी आणायला गेली होती. एका वकिलानं तो कागद उचलला आणि झाडाखाली उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला. ती भाषा मराठीही नव्हती, तेलुगूही नव्हती, कुठलीच नव्हती. लोक पोट धरून हसले. वकील वाईट नव्हता हो, त्याला वाटलं गंमत आहे. पण त्या दिवशी नागसेननं टायपरायटर घरी आणला, त्यावर जुनं लुगडं टाकलं, आणि पुन्हा तालुक्याला गेला नाही.

चूक झाली ह्याचं त्याला दुःख नव्हतं. चूक कुणाची होत नाही? चूक झालेली आपल्याला कळली नाही, ती चारचौघांत दुसऱ्यानं सांगावी लागली, ह्याची आग त्याच्या काळजात होती. पार्वतीबाईला ते ठाऊक होतं. म्हणून घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नसे.

ह्यांची मुलगी धम्मप्रिया, घरात धम्मा. लातूरला डिप्लोमा केला आणि नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबला लागली. खोली करून राहायची, पण जेवण घरचं. आपल्याकडं ही रीतच आहे. नांदेड-लातूरला शिकायला किंवा कामाला असलेल्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं जातात. सकाळच्या गाडीला माय डबा देते, पोरगं स्टँडवर येऊन आपला डबा ओळखून उचलतं आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो. हिवरदरीची मुक्कामी गाडी पहाटे निघाली की ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर डब्यांची रांग लागायची. इंजिनाच्या उबेनं भाकरी नांदेडपर्यंत गरम. हिवरदरी डोंगराच्या घडीत बसलेली. तिथं फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, आणि इंटरनेट तर तिथंही नाही. गावाला जगाशी जोडणारी चीज एकच होती, ही मुक्कामी गाडी.

आणि तीच बंद होणार अशी खबर आली. प्रवासी कमी, डिझेल जास्त. सोमवारी डेपोच्या साहेबांपुढं गावानं आपलं म्हणणं लेखी मांडायचं, असा निरोप होता. सरपंच शेषेराव पारावर म्हणाले, "भोकरला झेरॉक्सच्या दुकानात तयार अर्ज मिळतात. गावाचं नाव टाकलं की झालं."

नागसेन पाराच्या कडेला काठी धरून बसला होता. तयार अर्ज हे शब्द कानावर पडले आणि त्याचं टाळकं सणकलं.

"शेषेराव, गाडी आपली, पोरं आपली, आन अर्ज झेरॉक्सवाल्याचा? ह्या गावात टायपिस्ट मेलाय का?"

शेषेराव भला माणूस, सावकाश म्हणाले, "नागसेनराव, तुमच्याइतका अर्ज कुणाला जमतो? पण... ते मागच्या टायमाला..."

"मागच्या टायमाचं मला सांगू नका. अर्ज मी लिहिणार. रविवारी दुपारी घरी येऊन घेऊन जावा."

"अन न्हाई झाला तर?"

"न्हाई झाला तर जावा झेरॉक्सवाल्याकडं. मी पुन्हा टायपिंगचं नाव काढणार न्हाई."

घरी आल्यावर पार्वतीबाईनं कपाळाला हात लावला. "तुमच्या जिभेला काही हाड हाय का न्हाई? आधी घरात इचारावं, मग पारावर बोलावं!"

खरं म्हणजे नागसेनच्या ह्या फुशारकीला थोडा आधार होता. मागच्या रविवारी धम्मानं वाकळेत गुंडाळून एक जुना कॉम्प्युटर गाडीनं आणला होता. लॅबमधून निघालेला, म्हातारा, म्हणून त्यावर तिनं विंडोजऐवजी हलकंसं लिनक्स टाकलेलं. टायपरायटरवर जी मराठी कळपाटी, म्हणजे कीबोर्ड, असते तीच ह्यात चालेल असं एक सॉफ्टवेअर ती पेनड्राइव्हवर घेऊन आली होती, ते झटक्यात बसलं. दुसरं सॉफ्टवेअर होतं ते खरं कामाचं. पडद्यावर जे उमटेल ते आवाजात वाचून दाखवणारं. टाइप केलेलं अक्षर बोलणार, ओळ बोलणार, चुकलं तर चुकलेलं बोलणार. नागसेनला तेवढंच हवं होतं.

पण ते बसेना.

लिनक्सची एक खोड आहे. एका सॉफ्टवेअरला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. इंटरनेट असलं की कॉम्प्युटर गुपचूप सगळ्यांना बोलावून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. इंटरनेट नसलं की मग रुसवेफुगवे सुरू. लग्नात पाहुण्याला पानावर बसवावं आणि त्यानं म्हणावं, मपला मेव्हणा आल्याबिगर मी जेवत न्हाई, आणि मेव्हण्यानं म्हणावं, मपली मावशी मागं राहिली, तसली गत. धम्मानं दुपारभर खटपट केली आणि कळवळून म्हणाली, "बाबा, ह्याला अजून लई काही लागून राहिलंय. मी नांदेडला जाऊन बघते."

नांदेडला गेल्यावर तिला चूक उमगली. बुधवारी टाकीच्या जिन्यावर फोन लागला तेव्हा ती आधी हेच बोलली.

"बाबा, चूक मपली हाय."

"कुणाची ते मागून बघू. कशी झाली ते सांग."

"मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर ते उतरवलं. त्याच्यात बाकीचं सगळं आधीच भरलेलं व्हतं, म्हणून त्यानं जे कमी व्हतं तेवढंच दिलं. आपल्या घरच्या कॉम्प्युटरात काहीच न्हाई, हे त्याला काय ठाऊक?"

नागसेन हसला. "म्हंजे आपल्या भरल्या घरातून दुसऱ्याच्या रिकाम्या घराचा अंदाज केला तू."

"हाव. आता आपल्याच कॉम्प्युटरला इचारावं लागंल, बाबा, तुझ्याकडं काय काय हाय म्हणून. तो त्याची नोंद एका फायलीत ठेवत असतो. ती फाइल मला घरी ठेवलेल्या पेनड्राइव्हवर मिळाली की जे जे न्हाई ते सगळं मी उतरवून धाडते. पण मला येता यायचं न्हाई. रविवारी लॅबमधी परीक्षा हाय, मला हलता येत न्हाई."

"तुला ये कोण म्हणलं? काय टाइप करायचं ते सांग."

"बाबा, तुम्हाला पडदा—"

"धम्मा," नागसेन म्हणाला, "डोळे होते तवा बी मी कळांकडं बघत नव्हतो. कोर्टात साहेब एकदाच सांगायचे, दुसऱ्यांदा इचारायची सोय नव्हती. सांग तू."

तिनं सांगितलं. कंट्रोल, आल्ट आणि टी ह्या तीन कळा एकदम दाबल्या की हुकूम द्यायची काळी पाटी उघडते. मग त्या पाटीवरची ओळ तिनं एकेक अक्षर करून सांगितली, मधल्या स्पेससकट, तिरक्या रेघांसकट. नागसेननं ऐकली आणि जशीच्या तशी परत म्हणून दाखवली. पलीकडं धम्मा हसली. मग म्हणाली, "बाबा, आमच्या लॅबमधल्या पोरांना हे तीनदा सांगावं लागतं."

जिना उतरताना नागसेन पार्वतीबाईच्या हातावर नुसता नावाला हात ठेवून चालत होता. एवढा ताठ तो कित्येक दिवसांत चालला नव्हता.

घरी येऊन त्यानं कळपाटीवरून बोटं फिरवली आणि थबकला. एफ आणि जे, ह्या दोन कळांवर बारीकशी उंच रेघ लागली हाताला. टायपरायटरला असलं काही नव्हतं. त्यानं दोन्ही तर्जन्या त्या रेघांवर ठेवल्या, उचलल्या, पुन्हा ठेवल्या. "पार्वती," तो म्हणाला, "हे ज्यानं बनवलं ना, त्याच्या घरात नक्की एखादा मपल्यासारखा असंल." मग त्यानं ती ओळ टाइप केली, पार्वतीबाईनं पेनड्राइव्हचा बारका दिवा लुकलुकला असं सांगितलं, आणि फाइल गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पार्वतीबाईनं डबा भरला. खाली भाकरी, मधे वांग्याची भाजी, वरच्या खणात ठेच्याची पुडी आणि शेजारी प्लॅस्टिकमध्ये बांधलेला पेनड्राइव्ह.

"ठेच्याचा वास लागंल त्याला," नागसेन म्हणाला.

"लागू द्या. नांदेडात कळंल तरी, घरचा माल हाय म्हणून."

गाडीचा कंडक्टर मलप्पा, देगलूरकडचा. मराठी बोलताना मधेच तेलुगू, मधेच कानडी. त्यानं सवयीनं डबा बॉनेटकडं नेला तसा नागसेन ओरडला, "मलप्पा, तिथं नगं! तापंल त्यो!"

"अय्यो, डब्याला गरम नको तर काय थंड पाहिजे का तुमाला?"

"त्यात कॉम्प्युटरचं सामान हाय."

मलप्पानं डब्याकडं बघितलं, मग पार्वतीबाईकडं. "अक्का, कॉम्प्युटर भाकरी खातो का आता?" असं म्हणून खिदळला. पण गाडी सुटली तेव्हा डबा त्याच्या मांडीवर होता.

शनिवारी संध्याकाळी रिकाम्या डब्यातून पेनड्राइव्ह परत आला. वरच्या खणात घासून पुसून, कापसात ठेवलेला. रविवारी सकाळी धम्मा लॅबमध्ये शिरायच्या आधी नागसेन टाकीच्या जिन्यावर हजर. तिनं एक मोठी ओळ सांगितली, मग पासवर्ड, मग शेवटी चार अक्षरांचं सॉफ्टवेअरचं नाव. "संध्याकाळपर्यंत मपला फोन बंद राहील, बाबा. चुकलं तर थांबा. मी आल्यावर बघू."

"शेषेराव दुपारी यायलाय. थांबून कसं चालंल? पासवर्ड काय म्हणलीस?"

"आईचं नाव. पार्वतीबाई. समदं बारक्या लिपीत."

नागसेननं घरी येऊन दार लोटून घेतलं. लोकांना उगीच कशाला तमाशा! पार्वतीबाई पडद्यासमोर पाटावर बसली. तिचं शिक्षण मराठी सातवी, इंग्रजी अक्षरं तेवढी गाड्यांच्या पाट्यांवरून आणि धम्माच्या पुस्तकांवरून ओळखीची. नागसेननं तर्जन्या रेघांवर टेकवल्या आणि ओळ टाइप केली. पार्वतीबाईनं एकेक अक्षर वाचून दाखवलं. बरोबर होती. त्यानं एंटर दाबलं.

"आता पासवर्ड मागत असंल," तो म्हणाला आणि बायकोचं नाव इंग्रजीत टाइप केलं. "उमटलं का?"

"न्हाई."

"काय उमटलं?"

"काहीच न्हाई हो. पाटी तशीच हाय. तुमची बोटं चालून राहिली, पण पडद्यावर काहीच न्हाई."

लिंबाखालचा तो दिवस, तो वकिलाचा आवाज, ते हसणं, सगळं एकदम नागसेनच्या कानात घुमलं. पुन्हा तेच? हात सरकला? बोटं आपली राहिली नाहीत का? त्यानं घाईघाईनं तर्जन्यांनी रेघा चाचपल्या. दोन्ही जागच्या जागी होत्या. मग तिरीमिरीनं त्यानं तेच नाव पुन्हा टाइप केलं.

"आता?"

"आता बी न्हाई."

त्यानं एंटर हाणलं.

"काहीतरी आलं बगा!" पार्वतीबाई पुढं वाकली. "इंग्रजी हाय. एस... ओ... आर... आर... वाय." ती थांबली. मग तिचा आवाज चढला. "सॉरी! अवो, हे सॉरी म्हणून राहिलंय!"

"कोण?"

"कॉम्प्युटर!"

नागसेनला असं हसू फुटलं की खुर्ची हलली. "एवढी वर्षं कोर्टात काढली गं पार्वती, मला सॉरी म्हणणारं एक माणूस भेटलं न्हाई. शेवटी यंत्रच भलं निघालं!"

हसताहसता त्याच्या डोक्यात उजेड पडला. काहीच पोचलं नसतं तर ते कशाला सॉरी म्हणालं असतं? म्हणजे बोटांतून गेलेलं त्याला पोचत होतं, फक्त पडद्यावर दाखवत नव्हतं. पासवर्ड म्हणजे गुपित. गुपित चारचौघांत कसं दाखवील ते? आणि ह्या शहाण्यानं नाव टाइप केलं दोनदा. पार्वतीबाईपार्वतीबाई! कोण असं नाव ठेवतं?

"हे सांगायचं राहून गेलं पोरीकडनं," तो पुटपुटला. "फुडं काय लिहिलंय बघ. पुन्हा पासवर्ड मागून राहिलाय का?"

"कंसात काहीतरी हाय, त्याच्यापुढं पी दिसतोय."

"मग मागतोच हाय."

"थांबा ना धम्मासाठी," पार्वतीबाई हळूच म्हणाली. "काही बिघडलं तर..."

नागसेन थांबला. थांबणं सोपं होतं. शेषेराव येतील, त्यांना सांगायचं, झेरॉक्सवाल्याकडं जा. कुणी हसणारसुद्धा नाही. उलट म्हणतील, बिचाऱ्यानं केला प्रयत्न. ह्या बिचाऱ्या शब्दानं त्याच्या नाकाला मिरची लागली. त्यानं दोन्ही तर्जन्या पुन्हा त्या बारीक रेघांवर ठेवल्या. एकदा खात्री केली. मग दुसऱ्यांदा केली नाही. बायकोचं नाव सावकाश, एकदाच टाइप केलं आणि एंटर दाबलं.

"उमटलं का, असं इचारणार न्हाई मी," तो म्हणाला. "काय होतंय ते सांग."

"अगं माय!" पार्वतीबाई ओरडली. "ओळीच ओळी! पळून राहिल्यात नुसत्या! मला वाचता येईनात!"

"वाचू नकोस. पळू दे."

ओळी पळत राहिल्या. मेव्हणा आला, मावशी आली, मावशीची जाऊ आली, सगळं वऱ्हाड एकामागं एक आत येऊन बसलं. कुणी अडलं नाही, कुणी रुसलं नाही. पोरीनं कुणाला मागं ठेवलंच नव्हतं. शेवटी पार्वतीबाई म्हणाली, "थांबल्या. खाली ते पयल्यासारखं चिन्ह लुकलुकतंय." नागसेननं ओ, आर, सी, ए अशी चार अक्षरं टाइप केली. ओर्का, कसल्याशा समुद्रातल्या मोठ्या माशाचं नाव म्हणे. एंटर.

काही क्षण काहीच नाही. मग त्या जुन्या स्पीकरमधून घसा बसलेल्या माणसासारखा एक आवाज आला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. पार्वतीबाई दचकून पाटावरून उठलीच. नागसेन मात्र हलला नाही. त्यानं धम्मानं सांगितल्याप्रमाणं लिहायचं पान उघडलं, मराठी कळपाटी लावली आणि एक कळ दाबली.

"क," आवाज म्हणाला.

दुसरी दाबली. "त."

नागसेननं तोंडावर हात धरला. पार्वतीबाईला वाटलं, रडतोय. रडतच होता. पण रडता रडता म्हणाला काय, तर "ह्याचं मराठी जरा मलप्पासारखं हाय. चालंल."

मग त्यानं हिवरदरीचा अर्ज लिहायला घेतला. पार्वतीबाईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. तो टाइप करत होता आणि आवाज त्याच्या मागून शब्द म्हणत चालला होता. किती पोरांचे डबे जातात, कोण बाई कुठल्या दवाखान्यात जाते, आठवड्याच्या बाजाराला कोण काय घेऊन जातं, पावसाळ्यात दुसरी वाट कशी बंद होते, सगळं. तयार अर्जात हे कुठून असणार? वाक्य मनासारखं जमलं की तो स्वतःशीच "हां" म्हणायचा. त्याची ती जुनी हां ऐकून पार्वतीबाईनं चुलीपुढं बसल्याबसल्या डोळ्याला पदर लावला.

अर्ज संपला. नागसेननं सगळा मजकूर पहिल्यापासून वाचायला लावला. आवाज वाचत गेला. नागसेन मान हलवत ऐकत होता. शेवटचा परिच्छेद आला.

"...तरी माननीय साहेबांना नम्र विनंती की, हिवरदरी मुक्कामी गाडी बंद करण्यात यावी."

"आँ?" नागसेन म्हणाला.

त्यानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. बंद करण्यात यावी. तेच.

झालं होतं असं, की उभ्या हयातीत त्यानं हजारो अर्ज टाइप केले होते आणि प्रत्येक अर्ज ह्याच दोन शब्दांवर संपायचा. नोंद करण्यात यावी, चौकशी करण्यात यावी, मोजणी करण्यात यावी. डोकं पुढं गेलं होतं, पण बोटं आपल्या जुन्या वाटेनं चालत जाऊन मुक्कामाला पोचली होती. सगळ्या गावाच्या वतीनं त्यानं साहेबांना गाडी बंद करायची विनंती केली होती!

"पार्वती!" त्याची आरोळी अंगणापर्यंत गेली. "पार्वती, चुकलो गं! लई मोठी चूक केली!"

पार्वतीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. बघते तर हा माणूस खुर्चीत बसून टाळ्या पिटतोय.

"चुकलात तर हसताय काय असं येड्यावानी?"

"अगं, मला कळली ना! कुणी सांगितली न्हाई, कुणी हसलं न्हाई. मपली चूक मपल्याला कळली!"

तिला आधी काही उमजेना. मग उमजलं, आणि ती पिठाच्या हातानं तशीच त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. नागसेन मागं गेला, शेवटचा एक शब्द खोडला, "येऊ नये" असे दोन टाइप केले. आवाजानं ते वाचले. त्यानं पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. आता त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

दुपारी शेषेराव आले. "जयभीम, नागसेनराव. झालं का काही?" आवाजात काळजी होती, आणि थोडी तयारीही होती, नाही म्हटल्यास समजूत घालायची.

"बसा," नागसेन म्हणाला आणि एक कळ दाबली.

शेषेरावांनी उभ्याउभ्या ऐकायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला ते खाली बसले. त्यांच्या भावजयीचा दवाखाना त्यात होता. त्यांच्या नातीचा डबा होता. अर्ज संपल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नागसेनराव, ह्याला म्हणतात अर्ज. साहेबाचा बाप बी न्हाई म्हणायचा न्हाई." नागसेननं अर्ज पेनड्राइव्हवर उतरवून दिला. तो खिशात घालताघालता शेषेराव म्हणाले, "फक्त एक करतो. वाईट वाटून घेऊ नका. भोकरला छापायच्या आधी कुणाकडून तरी एकदा तपासून घेतो. चूक निघाली तर गावाची इज्जत..."

नागसेननं खुर्चीत पाठ टेकवली. मान जराशी वर झाली.

"तपासून झालंय, शेषेराव. चूक निघाली व्हती. मी काढली."